एकोणतीस किड्यांचा फरक

मी एक जुनं नरसाळं आहे. पत्र्याचं. तेल ओतायचं नव्हे, पालापाचोळा ओतायचं. हसू आलं असेल तर हसून घ्या, मित्रांनो. 'मित्रांनो' म्हणायची पद्धत आहे म्हणून म्हणतोय, नाहीतर तुमची माझी कसली मैत्री? फाटक्या छत्र्या आणि मोडक्या खुर्च्या आपापली रडगाणी गातात आणि तुम्ही ती वहीत उतरवून घेता, हे मला ठाऊक आहे. माझ्याकडून असल्या अश्रूंची अपेक्षा ठेवू नका. मी पस्तीस वर्षं एका संशोधन संस्थेच्या मागच्या खोलीत लाकडी चौकटीत लटकतो आहे. एवढ्या वर्षांत माणसं इतक्या जवळून पाहिली, की त्यांच्याबद्दल फारसं बरं काही बोलवत नाही.

मला घडवलं एका पत्रेवाल्याने. तो घासलेटची नरसाळी, धान्याच्या पेट्या आणि छपराच्या पन्हळी करायचा. आमचे साहेब तेव्हा तरुण होते. कागदावर माझं चित्र काढून ते त्याच्याकडे गेले. पत्रेवाल्याने विचारलं, "एवढ्या रुंद तोंडातून ओतणार काय?"

"पाला," साहेब म्हणाले.

"आणि खालून काय पडणार?"

"किडे."

पत्रेवाल्याने साहेबांना एकदा वरपासून खालपर्यंत बघून घेतलं आणि पुढे काही विचारलं नाही. पण हसू दाबता दाबता त्याचा हात हलला आणि माझा सांधा वाकडा बसला. तो अजून वाकडाच आहे. माझ्यामागून अकरा भावंडं तयार झाली. ती सरळ आहेत आणि डोक्याने मठ्ठ आहेत.

माझं काम सोपं आहे, म्हणून तर साहेबांनाही ते समजलं. जंगलातल्या जमिनीवरचा पाला आणि त्याखालची ओली माती पिशवीत भरून आणायची आणि माझ्या तोंडावरच्या जाळीवर पसरायची. वर दिवा लावायचा. दिव्याच्या धगीने पाला वरून वाळत जातो. आतल्या जिवांना ओल लागते, काळोख लागतो. ते वाळण्यापासून पळत खाली खाली सरकतात, जाळीतून निसटतात आणि माझ्या घसरगुंडीवरून थेट बाटलीत पडतात. बाटलीत स्पिरिट असतं. मग भिंगाखाली एकेक जीव निवडून मोजायचा. मी फसवतो, हे उघड आहे. पण मी खोटं बोलत नाही, असा माझा तोरा होता.

जंगल म्हटलं की तुम्हाला वाघ दिसतो. भिंतीवर लावायला तोच बरा. पण पडलेलं पान कुजवून त्याची माती करायला वाघ येत नाही. ते काम करतात शेपटीच्या झटक्याने टुणकन उडणारे तिळाएवढे पांढरे किडे, कोळ्यांचे टिचभर भाऊबंद म्हणजे माइट, गोमी, वाणी, वाळवी, आणि विंचवासारखे चिमटे असून शेपूट नसलेला एक छोटासा दरोडेखोर. एका पिशवीत पाच-सहाशे निघतात. तुम्ही त्यांच्यावरून चपला फटफटवत जाता आणि इथे किती शांत आहे, असं म्हणता.

हे सगळे जीव ओळखायच्या काकू. सगळी संस्था त्यांना काकू म्हणायची, साहेबसुद्धा, जरी साहेब त्यांच्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे होते. काकू सव्वीस वर्षं एकाच स्टुलावर बसून, चार केसांच्या कुंचल्याने किडे वेगळे करत आल्या. त्यांची नोकरी हंगामी. दरवर्षी साहेबांनी एक कागद पुढे पाठवला की त्या आणखी एक वर्ष हंगामी. साहेबांना माइट आणि कोळ्याचं पिल्लू यांतला फरक काकूंना विचारल्याशिवाय कळत नसे. परदेशातून पाहुणे आले की साहेब माझ्यावर हात ठेवून भाषण करायचे. पाहुणे माना डोलवायचे, फोटो काढायचे. काकू तेव्हा चहाचे कप गोळा करत असायच्या. एकाही फोटोत त्या नाहीत. मी मात्र आठ फोटोंत आहे आणि दोनांत माझा वाकडा सांधा स्पष्ट दिसतो.

आता मुद्द्याचं सांगतो. आमच्या गावाभोवती पूर्वी एकच मोठं रान होतं. मग त्यातून रस्ता गेला, एका बाजूला दगडाची खाण निघाली, दुसऱ्या बाजूला वसाहत आली आणि रानाचे तुकडे पडले. मोठे दोन डोंगराकडे राहिले. एक छोटासा, नऊ एकरांचा, खाण आणि रस्ता यांच्या मधोमध अडकला. त्याला सगळे नुसतं 'तुकडा' म्हणायचे. तिथे एक राखणदार होता, काकूंचा थोरला भाऊ. तुकड्याच्या एका कडेला त्याची दोन खोल्यांची चौकी. बायको तिथेच गेली, मुलगी तिथूनच लग्न होऊन गेली. तीस वर्षं तो लाकूडतोड्यांना हाकलत आणि वणवा लागू नये म्हणून कडेचं गवत कापत राहिला होता. त्याला काकू दादा म्हणायच्या, म्हणून मीही दादाच म्हणतो. साहेब त्याला 'तो तुकड्यावरचा' म्हणायचे.

साहेबांचा सिद्धांत असा की तुकडा जितका लहान, तितकी त्याची माती मेलेली. साहेब हे पंधरा वर्षं व्यासपीठावरून सांगत आले होते. एका वर्षी त्यांनी डोंगराकडच्या दोन्ही रानांतल्या पिशव्या तपासल्या. पिशवीमागे साधारण सव्वासहाशे जीव निघाले. पुढल्या वर्षी तुकड्याची पाळी होती. खाणीला वळसा घालून चालत जायचं साहेबांच्या जिवावर आलं, म्हणून पिशव्या भरायचं काम दादाकडे आलं. तो पाला हलक्या हाताने उचलायचा, पिशवीवर ओलं पोतं टाकायचा आणि सायकल हातात धरून चालत आणायचा. स्वार होऊन आणली तर आतली मंडळी गचके खातील, असं त्याचं म्हणणं होतं. जीपमधून पिशव्या बटाट्यासारख्या फेकणाऱ्या विद्वानांना हे कधी सुचलं नव्हतं.

या दोन वर्षांच्या मधल्या सुट्टीत संस्थेने वीज वाचवायचं ठरवलं. परिपत्रक निघालं. वायरमन शिडी घेऊन आला आणि त्याने संडासापासून सभागृहापर्यंत सगळे पिवळे बल्ब काढून पांढरे एलईडी लावले. आमच्या खोलीत आला, बारा नरसाळ्यांवर बारा पिवळे बल्ब दिसले, तेही काढले. परिपत्रकात 'सर्व' असं लिहिलं होतं. जुने बल्ब भंगारात गेले. साहेब आत आले आणि म्हणाले, "वा, खोली किती गार झाली."

गारच होणार. एलईडी उजेड देतो, धग देत नाही. माझ्यावरचा पाला वाळेना. खालचे जीव जागच्या जागी मजेत बसले. कशाला पळतील? वर उजेड आहे तर दोन पानं खाली सरकून झोपले. बाटलीत पडले ते वाट चुकलेले, पिशवीमागे आठ, कधी अकरा. साहेबांनी आकडे पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला. पंधरा वर्षं जे बोलले तेच बाटलीत उतरलं होतं. हवं ते उत्तर मिळालं की प्रश्न तपासायचा नसतो, हे शिकायला माणसाला फार मोठ्या पदव्या लागतात.

काकूंना मात्र चैन पडेना. "साहेब, आठवडा झाला तरी पाला ओलाच आहे," त्या म्हणाल्या. "काहीतरी घोळ आहे."

"पावसाळ्यातला पाला ओलाच असतो, काकू. मोजायचं तुम्ही, अर्थ लावायचा मी."

काकूंनी मान खाली घातली आणि वहीत आठाखाली आठ लिहिलं. चार महिने असं चाललं. मग अहवाल तयार झाला. तो नगरपालिकेने मागवला होता, कारण त्यांना कचऱ्याच्या गाड्या उभ्या करायला जागा हवी होती आणि तुकडा रस्त्याला लागून होता. अहवालात लिहिलं होतं की तुकड्याच्या मातीत जीव जवळजवळ उरलेले नाहीत आणि तो राखण्यात अर्थ नाही. साहेबांनी सही केली. साहेबांची सही फार सुंदर आहे.

दादाला हे काकूंनीच सांगितलं. थंडीचे पहिले दिवस होते. सकाळी सकाळी तो सायकल धरून आला, पिशवी खाली ठेवली. काकूंनी त्याला स्टूल दिलं आणि स्वतः उभ्या राहिल्या.

"दादा, तुकडा जाणार. गाड्यांचा तळ होणार तिथे."

"का?"

"मातीत काही नाही म्हणतात. आमच्याच बाटल्यांत निघालं नाही. मीच मोजलं."

दादाने पिशवीवरचं ओलं पोतं नीट केलं. मग म्हणाला, "तू मोजलंस म्हणजे बरोबरच असेल." आणि पुढे, "तीस वर्षं मेलेलं राखत बसलो म्हणायचं मी."

मी पुष्कळ माणसांची तोंडं पडलेली पाहिली आहेत आणि मला त्याचं काही वाटत नाही. या माणसाचं तोंड बघून मात्र मला चौकटीतून खाली उडी मारावीशी वाटली. तो उठला. थंडीत बहिणीला भेटायला आला की माझ्या दिव्याखाली बोटं शेकायची त्याची वर्षानुवर्षांची सवय. सवयीने हात पुढे केले, पालथे केले, पुन्हा सुलटे केले.

"अगं, हा शेकतच नाही," तो म्हणाला.

काकूंनी त्याच्या हाताशेजारी आपला हात धरला. मग ओल्या पाल्यात बोटं घातली. मग मटकन स्टुलावर बसल्या. "मी रोज याच्या शेजारी बसते," त्या म्हणाल्या, "आणि मला कळू नये."

आता एक गोष्ट कबूल करतो. ती मी अजून कोणापाशी बोललो नाही. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पस्तीस वर्षं डोक्यावर धग झेलणाऱ्याला ती गेल्याचं कळणार नाही? मला तोंड नाही, वाचा नाही, हे खरं आहे. पण मी त्या चार महिन्यांत तळमळलो वगैरे नाही. मला मजा वाटत होती. साहेब रोज माझ्यासमोर उभे राहून आपला मूर्खपणा वहीत टिपून घेत होते आणि मी मनातल्या मनात टाळ्या पिटत होतो. त्या मूर्खपणाच्या दुसऱ्या टोकाला कोणाची चौकी आहे, याचा विचारही माझ्या मनात आला नाही. तुम्ही मला नावं ठेवलीत तर मी वाईट वाटून घेणार नाही.

पिवळा बल्ब आता दुकानातही मिळेना. शेवटी काकू कोंबडीवाल्याकडे गेल्या. तो पिल्लांना ऊब द्यायला तसले बल्ब लावतो. त्याची पिल्लं नुकतीच अंड्यातून निघाली होती, त्यामुळे त्याने एकच दिला, तोही कुरकुरत. बाराजणांत तो मला मिळाला, कारण मी दाराजवळ आहे. एवढंच कारण, माझी काही थोरवी नाही. काकूंनी दादाची त्या दिवशीची पिशवी माझ्यावर पसरली. दुपारपर्यंत पाला वर कुरकुरीत झाला आणि संध्याकाळी पहिला वाणी खाली घसरला. मग रीघ लागली. पाच दिवसांनी काकूंनी मोजले, सहाशे सत्तावीस निघाले. त्यांनी पुन्हा मोजले. तेवढेच निघाले.

त्या बाटली घेऊन साहेबांच्या खोलीत गेल्या. ती खोली समोरच, दार उघडंच होतं, मला सगळं दिसलं आणि ऐकू आलं.

"एकाच नरसाळ्यावरून काय सिद्ध होतं?" साहेब म्हणाले.

"दिवा गार होता, एवढं सिद्ध होतं."

"काकू, अहवाल गेलाय. आता फिरवला तर चार महिन्यांच्या कामावर बोट ठेवलं जाईल. तुमच्याही. मोजणी तुमच्या नावावर आहे."

"म्हणूनच म्हणते. माझं नाव काढून टाका, नाहीतर आकडा बदला."

"तुमचा कागद मार्चमध्ये माझ्याकडे येतो, हे लक्षात आहे ना?"

"आहे," काकू म्हणाल्या आणि बाटली टेबलावर ठेवून उभ्याच राहिल्या. जागच्या हलल्या नाहीत. साहेबांनी एक फोन केला, मग दुसरा केला, मग चष्मा पुसला. त्या तशाच उभ्या. शेवटी साहेबांनी पत्र लिहिलं. 'काही तांत्रिक कारणास्तव' अशी त्याची सुरुवात होती. बल्ब हा शब्द त्यात कुठेच नव्हता. पण तुकड्याच्या मातीत डोंगराकडच्या रानाइतकेच जीव आहेत, हे त्यात होतं, आणि खाली ती सुंदर सही होती. साहेबांबद्दल बरं म्हणावं असं मी एवढंच पाहिलं.

नगरपालिकेच्या समितीने पत्र वाचलं. समितीत सात माणसं, म्हणजे सात जणांना मिळून एकाचंही डोकं चालवावं लागत नाही. किडे आहेत म्हणतात तर त्यांचंही ऐकू आणि गाड्यांचंही बघू, असं त्यांनी ठरवलं. तुकड्याचे दोन भाग करायचे. अर्धा रान राहील, अर्ध्यात तळ होईल. एवढी वर्षं रान चिरल्याने काय होतं याचे अहवाल त्यांच्याच कपाटात पडून होते आणि त्यांनी उरलेलं रानही चिरायला काढलं. कुठला अर्धा ठेवायचा ते राखणदाराने ठरवावं आणि बारा दिवसांत खुंट्या ठोकाव्यात, असा आदेश निघाला. हे त्यांना मोठं मन वाटलं असणार.

दादा आदेशाचा कागद घेऊन आला. काकू वाचून भडकल्या. तो मात्र शांत होता. "तुझ्या या डब्याला विचारून बघ ना," माझ्याकडे बोट करून तो म्हणाला. "कुठल्या बाजूला कमी आहेत ते सांगेल. तीच देऊन टाकू."

बल्ब एक, नरसाळं एक, दिवस बारा. दादाने वरच्या अर्ध्यातून पाच ठिकाणचा मूठ मूठ पाला आणला. तो पाच दिवस माझ्यावर राहिला. मग चौकीकडच्या खालच्या अर्ध्यातला, तोही पाच दिवस. तेवढे दहा दिवस मी आयुष्यात पहिल्यांदा मन लावून काम केलं. एक गोम जाळीला अडकली होती, ती सुटावी म्हणून अंग चोरत होतो. हसू नका.

अकराव्या दिवशी काकूंनी आकडे सांगितले. वरच्या बाजूला सहाशे चाळीस. चौकीच्या बाजूला सहाशे अकरा.

"म्हणजे सारखेच, दादा," काकू म्हणाल्या. "एकोणतीसचा फरक म्हणजे काहीच नाही. एक मूठ जरा ओली असली, दुसरी जरा कोरडी असली, तरी एवढा पडतो. याची जाळीही एका बाजूला वाकली आहे. तू चौकीची बाजू ठेव. तुझं घर आहे तिथे."

"पण वर जास्त आहेत ना?"

"जास्त म्हणजे तसं नाही रे. मी समजावून सांगते ना तुला."

"तू सव्वीस वर्षं मोजतेस," दादा म्हणाला. "मागच्या वेळी दिवा गार होता, तेव्हा चुकलं. आता दिवा गरम आहे. मी हात लावून बघितला."

काकूंनी त्याला परोपरीने सांगितलं. तो ऐकून घेत होता, मान हलवत होता. मग त्याने माझ्या वाकड्या सांध्यावरची माती अंगठ्याने पुसली आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी त्याने खुंट्या ठोकल्या. वरची बाजू राखली आणि चौकी गाड्यांच्या तळात दिली. आता तो बहिणीकडे बाहेरच्या खोलीत राहतो आणि रोज पहाटे सायकलने साडेचार एकर राखायला जातो. काकूंचा कागद मार्चमध्ये साहेबांनी पुढे पाठवला.

तर मित्रांनो, शेवटी काहीतरी मागायची रीत आहे. मला तेल द्या, गंज काढा, अडगळीत टाकू नका, असलं काही मी मागणार नाही. मी जन्मभर सगळ्यांना तुच्छ लेखत आलो, कारण माझ्या आकड्यांकडे कोणी धड बघत नव्हतं. साहेबांनी नीट पाहिलं नाही, समितीने पाहिलं नाही. एका माणसाने पाहिलं, आणि एका वाकलेल्या जाळीचं ऐकून आपलं घर दिलं. मला बोलता आलं असतं, तर त्या सकाळी मी त्याला एवढंच म्हटलं असतं, की दादा, माझं ऐकू नकोस.